फायलींचा कुलवृत्तांत

आमच्या आत्याने आजवर मला तीनच कामं सांगितली. पहिलं मी चौथीत असताना : पळत जाऊन चार आण्याचं जिरं आण. दुसरं मी बँकेत चिकटल्यावर : माझ्या मुदत ठेवीला अर्धा टक्का व्याज जास्त लाव. (काउंटरवर बसणारा माणूस व्याजाचे दर ठरवतो, अशी आमच्या तमाम नातेवाईकांची समजूत आहे. रिझर्व्ह बँकेची तशी समजूत नाही, हे मी त्यांना सांगत नाही.) आणि तिसरं गेल्या भाऊबीजेला : “मी जायच्या आधी अण्णाने माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय, तेवढं मला दाखव.”

जिरं मी आणलं होतं. ज्येष्ठ नागरिक म्हणून तिला अर्धा टक्का आपोआपच मिळाला आणि त्याचं श्रेय मी घेतलं. तिसऱ्या कामाला मात्र दोन महिने लागले आणि त्यापायी मला, म्हणजे कॉमर्सच्या पदवीधराला, चक्क इतिहासाचा अभ्यास करावा लागला. इतिहास टाळायचा म्हणूनच मी कॉमर्सला गेलो होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत मराठी शिकवून १९९८ साली निवृत्त झाले. निवृत्त मराठी शिक्षकापुढे तीनच वाटा असतात : कीर्तनाला जाणं, वर्तमानपत्रांना त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका कळवणं आणि कुलवृत्तांत लिहिणं. अण्णा तिन्ही वाटांनी एकदमच निघाले. कोकणातल्या मूळ गावापासून डोंबिवलीच्या चुलत पुतण्यापर्यंत सगळ्यांची माहिती त्यांनी गोळा केली. आता जुन्या कुलवृत्तांतातल्या वंशवृक्षाला फक्त मुलगे लागतात. मुली त्या झाडावर बहुधा नसतातच. तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी शुभचिंतकाने आत्याला सांगितलं, “अण्णांच्या पुस्तकात तुझं नाव नाही हो!” आत्या ही अण्णांची थोरली बहीण. ती तडक अण्णांकडे गेली आणि म्हणाली, “दाखव.” अण्णा म्हणाले, “छापून आलं की वाच.” पुढची अकरा वर्षं, अण्णा जाईपर्यंत, आत्या अण्णांशी मोजकंच बोलली. भाऊबीजेला ओवाळायची ; पण ताटात ओवाळणी पडली की, “कुलवृत्तांतात नोंद करून ठेव हो,” असं म्हणायची.

पुस्तक काही छापून आलं नाही. कुलबंधूंकडून देणग्या जमल्या त्यात फार तर मुखपृष्ठ निघालं असतं. हस्तलिखित टायपिंगवाल्याकडे गेलं आणि त्याने दुकान बंद करून तिथे मोबाईलची कव्हरं विकायला घेतली तेव्हा रद्दीत गेलं. घरी ट्रंकेत मुद्रितं होती. ती २०१९ सालच्या सांगलीच्या पुरात कृष्णामाईच्या स्वाधीन झाली. राहिलं काय, तर एक फाईल. टायपिंगवाल्याने फ्लॉपीवर दिलेली. ती आमच्या कुलमंडळाच्या चिटणीसांनी हौसेने मंडळाच्या संकेतस्थळावर चढवून ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं : “कुलवृत्तांत उतरवून घेण्यासाठी येथे टिचकी मारा.”

मी टिचकी मारली. काही झालं नाही. जरा जोरात मारली. तरी नाही. सात टिचक्या मारल्यावर कन्या म्हणाली, “बाबा, फाईल सात वेळा उतरलीय. डाऊनलोड्समध्ये बघा.” हे डाऊनलोड्स म्हणजे संगणकाचा पोटमाळा. आपण जे जे उतरवतो ते तिथे जाऊन पडतं आणि पुन्हा कुणी ते बघत नाही. आमच्या पोटमाळ्यावर विजेची तीन वर्षांची बिलं, कन्येचं हॉलतिकीट पाच प्रतींत आणि कुणाचा तरी रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट असा ऐवज होता. त्यात अण्णांचं आयुष्यभराचं काम, सात प्रतींत, कंसात एकपासून सहापर्यंत आकडे लावून पडलं होतं.

उघडलं. फाईल विनातक्रार उघडली. परिच्छेद जागच्या जागी, मथळे ठळक, ओळी आखीवरेखीव. फक्त त्यात मराठी नव्हतं. डोक्यावर दोन टिंबं दिलेला ओ, खाली शेपूट फुटलेला सी, मध्येच पौंडाचं चिन्ह, उलटं टांगलेलं प्रश्नचिन्ह आणि पुन्हा ओ. अण्णांनी दोनशे पानं भरून हे लिहिलं असेल तर त्यांचं विद्यार्थ्यांनी कसं ऐकलं असेल, असा विचार क्षणभर मनात आला. आत्या शेजारी बसली होती. तिने भिंग लावून पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “यात माझं कुठलं?”

तेव्हापासून मी फायलींचे कुलवृत्तांत वाचायला लागलो. आणि वाचकहो, त्या घराण्यांतले तंटे पाहिल्यावर आमचा भाऊबीजेचा तंटा म्हणजे अगदीच किरकोळ वाटायला लागला.

मूळ पुरुष, म्हणजे आमच्यासारख्यांना ठाऊक असलेला, वर्डस्टार. जन्म १९७८, अमेरिका. आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून त्याने पुढे बरीच वर्षं राज्य केलं. आमच्या शाखेतले एक जुने हेडक्लार्क अजूनही विचारात पडले की डाव्या हाताची बोटं कंट्रोल-के-डी अशी नाचवतात. त्याला ते संधिवात म्हणतात, पण तो वर्डस्टार आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या कादंबऱ्यांवरून निघालं ते जॉर्ज मार्टिन आपण अजून वर्डस्टारवरच लिहितो, असं २०१४ साली टीव्हीवर सांगत होते. त्यांची पुढची कादंबरी वर्षानुवर्षं येत नाही याचं खापर मात्र वर्डस्टारवर फोडता यायचं नाही.

तर या वर्डस्टारची एक खोड होती. ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसाव्यात म्हणून तो प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराला आतल्या आत एक खूण करून ठेवायचा. वर्डस्टारमध्ये ती दिसत नसे. पण तीच फाईल दुसऱ्या कार्यक्रमात उघडली, की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलेलं. म्हणजे सबंध मजकूर बरोबर, पण प्रत्येक शब्द शेवटी अडखळलेला. वर्डपरफेक्टची खोड वेगळी, वर्डची आणखी वेगळी. प्रत्येक घराण्याने आपापल्या खुणा, आपापली कुलुपं करून ठेवलेली. आपण लिहायचं आपल्या घरात आणि वाचायचंही आपल्याच घरात. पाहुणा आला तर त्याने आपला डबा आणावा.

याला उतारा काढला तो वर्डच्याच घरात. चार्ल्स सिमोनी हे मूळचे बुडापेस्टचे. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत त्यांनी सत्तरच्या दशकात ब्राव्हो नावाचा कार्यक्रम केला. कागदावर जसं उमटणार तसंच पडद्यावर दिसणार, ही कल्पना तिथली. १९८१ साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये आले, रिचर्ड ब्रॉडी यांना बरोबर घेतलं आणि १९८३ मध्ये वर्ड निघालं. पुढे सिमोनी, ब्रॉडी आणि डेव्हिड ल्यूबर्ट यांनी मिळून रिच टेक्स्ट फॉरमॅट नावाची एक लिहायची रीत ठरवली. १९८७ साली मॅकिंटॉशसाठी वर्डची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात ती पहिल्यांदा दिसली. लोक तिला आरटीएफ म्हणतात. (ब्रॉडी पुढे पोकर खेळायला लागले. सिमोनी तिकीट काढून अवकाशात जाऊन आले. एकदा २००७ साली आणि एकदा २००९ साली. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर नेणं किती कठीण आहे हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्याला अवकाश सोपंच वाटणार.)

मला आरटीएफ आवडला, आणि त्याला कारण आहे. त्याच्या पोटात सगळं साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. सुरुवातीला एक महिरपी कंस उघडतो, त्यापुढे एक आडवा पडलेला दांडा आणि ‘आरटीएफ एक’ अशी अक्षरं. मग सबंध मजकूर, आणि शेवटी कंस मिटतो. ठळक करायचं असेल तिथे दांडा आणि बी. नवा परिच्छेद असेल तिथे दांडा आणि पी-ए-आर. म्हणजे आचाऱ्याने आमटीच्या पातेल्यावरच चिठ्ठी लावून ठेवावी, की यात इतका गूळ, इतकं आमसूल. कुणीही यावं, चिठ्ठी वाचावी आणि तशी आमटी करावी. शिवाय रीत काय आहे ते कंपनीने छापून दिलेलं. त्यामुळे वर्डची स्वतःची डॉक फाईल जिथे उघडत नसे, तिथे आरटीएफ उघडे.

ती डॉक फाईल म्हणजे अगदी उलट. तिच्या पोटात काय आहे ते परक्याला कळायची सोय नव्हती. आवृत्ती बदलली की घरातलं सामानही हलवलेलं. १९९७ च्या वर्डने लिहिलेलं १९९५ च्या वर्डला धडपणे वाचता येत नसे. मुलाचं पत्र बापाला न कळण्यातला प्रकार. आमचे शाखाप्रमुख परिपत्रक लिहितात ते आम्हाला कळत नाही, पण निदान उघडतं तरी! त्या फायलीची संपूर्ण माहिती कंपनीने सर्वांसाठी खुली केली ती २००८ साली, म्हणजे डॉक म्हातारी झाल्यावर.

त्यातून डॉकमध्ये मॅक्रो नावाचे छोटे हुकूम लपवता येत. मार्च १९९९ मध्ये न्यू जर्सीतल्या एका गृहस्थाने त्याचा फायदा घेऊन मेलिसा नावाची भानगड करून ठेवली. इंटरनेटवर एक डॉक फाईल टाकली. ती ज्याने उतरवून उघडली त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना त्याच्याच नावाने पत्र जाई. पत्राचा मतलब असा, की तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. आता ‘कुणाला दाखवू नका’ म्हटल्यावर माणूस उघडल्याशिवाय राहील का? आमच्या बँकेत ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेलं परिपत्रक तेवढंच सगळ्यांचं पाठ असतं. मोठमोठ्या कंपन्यांना आपली टपालयंत्रं बंद करून बसावं लागलं. ‘अनोळखी फाईल उतरवून उघडू नका’ ही सूचना आमच्या शाखेत भिंतीवर लावलेली आहे, तिच्यामागे असा इतिहास आहे. ती सूचना आम्हाला आली तीही जोडलेल्या फायलीतूनच.

दुसरं घराणं पीडीएफचं. अडोबी कंपनीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली कॅमलॉट या नावाचं एक टिपण लिहिलं. कॅमलॉट ही राजा आर्थरची राजधानी. कुठल्याही यंत्रावरून कुठल्याही यंत्रावर कागद पाठवावा आणि तो तंतोतंत तसाच दिसावा, अशी त्यांची इच्छा. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. गंमत म्हणजे सुरुवातीला नुसतं वाचायचं सॉफ्टवेअरसुद्धा पन्नास डॉलरला विकत घ्यावं लागे. म्हणजे पत्र तुम्ही लिहिलंत, पण ते वाचण्यासाठी मी चष्मा घ्यायचा. लोकांनी अर्थातच घेतला नाही. मग चष्मा फुकट वाटायला सुरुवात झाली आणि पीडीएफ घरोघर गेली. पीडीएफ म्हणजे लग्नाचा फोटो. सगळे जागच्या जागी, अक्षरं वळणदार, कारण लागणारे फॉन्टही ती आपल्या पोटातच घेऊन फिरते. पण फोटोतल्या नवरदेवाला जसं ‘जरा डावीकडे सरक’ असं मागाहून सांगता येत नाही, तसं तिच्यात दुरुस्तीचं नाव काढू नये.

हे सगळं वाचल्यावर मला आमच्या चिटणीसांचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. कारण त्यांनी कुलवृत्तांत पीडीएफमध्ये ठेवला असता तर तो निदान दिसला तरी असता. त्यांनी ठेवला आरटीएफमध्ये. मी फोन केला तेव्हा म्हणाले, “मुद्दाम ठेवला! सगळ्यांकडे उघडतो म्हणून.” खोटं काहीच नव्हतं. उघडत होताच.

मधल्या काळात आणखी दोन घराणी झाली. ओपन डॉक्युमेंटचं, २००५ सालचं, आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉक-एक्सचं, २००७ च्या वर्डबरोबर आलेलं. आंतरराष्ट्रीय मानक आधी पहिल्याला मिळालं. दुसऱ्याने मग आपलं सहा हजारांवर पानांचं बाड पुढे केलं. २००८ साली तेही मंजूर झालं. भारताने विरुद्ध मत दिलं होतं आणि ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला यांच्याबरोबर अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. यातलं मला फार समजलं असं नाही. पण सहा हजार पानं वाचून मत दिलेल्या समितीबद्दल मला आदर आहे. आम्ही कर्जाचा बारा पानी करार न वाचता सही घेतो आणि ग्राहक तो न वाचता करतो.

मात्र या दोन भांडणाऱ्या घराण्यांचं एक गुपित मला कन्येने दाखवलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉक-एक्स काय किंवा ओपन डॉक्युमेंट काय, दोन्ही फायली म्हणजे खरं तर गाठोडी आहेत. झिप केलेली. फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली की बाकी सगळं अगम्य दिसतं, पण अगदी पहिली दोन अक्षरं स्वच्छ वाचता येतात : पी आणि के. हा पीके म्हणजे फिल कॅट्झ. अमेरिकेतल्या मिलवॉकीचा मुलगा. १९८९ साली त्याने हा गाठोडी बांधायचा प्रकार काढला, आपल्या नावाची आद्याक्षरं त्यावर टाकली आणि गाठ कशी बांधायची ते जगाला खुलं करून दिलं. पैसा मिळाला, पण माणूस एकटा होता, दारूच्या आहारी गेला आणि २००० साली वयाच्या सदतिसाव्या वर्षी एका हॉटेलच्या खोलीत मरण पावला. डॉक-एक्स त्यानंतर काही वर्षांनी जन्मली. आज कुठल्याही कचेरीत कुणीही रजेचा अर्ज टाईप करून ठेवला की त्याच्या माथ्यावर, कुणाला न दिसता, या माणसाची सही असते. वंशवृक्षात नसलेल्या माणसाचं नाव. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. सौ. म्हणाली, “आत्याबाईंचं काम झालं का?”

झालं नव्हतं. कारण आमचं दुखणं फायलीत नव्हतंच, ते फॉन्टात होतं. हे समजायला मला लॉकर आठवावे लागले.

असं समजा, की प्रत्येक शाखेत २५६ लॉकर आहेत. फाईल जी असते ती अक्षर साठवत नाही. ती फक्त लॉकरचा नंबर साठवते. त्या लॉकरात काय ठेवलंय ते फॉन्टने ठरवायचं. इंग्रजीत हे लॉकर ठरून गेलेले होते. मराठीला हे २५६ लॉकर मुळातच अपुरे, कारण आपल्याला अर्धी अक्षरं हवीत, जोडाक्षरं हवीत, रफार हवा, शिवाय ‘दुसऱ्या’तला तो अर्ध्या मिशीसारखा र हवा. तेव्हा आपल्याकडच्या हुशार लोकांनी अक्षरांचे सुटे भाग केले. अर्धा ग एका लॉकरात, त्याचा काना दुसऱ्या लॉकरात, वेलांटी तिसऱ्यात. पण कुठला भाग कुठल्या लॉकरात ते प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवलं. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याचा ‘ठ’. आणि फॉन्टच नसेल तर यंत्र बापडं तिथे मूळचा इंग्रजीचा माल दाखवणार : पौंड, टिंबवाला ओ आणि शेपटीवाला सी. आरटीएफने अण्णांचे सगळे लॉकर नंबर इमानेइतबारे पोचवले होते. किल्ल्यांचा जुडगा मात्र टायपिंगवाल्याच्या दुकानातच राहिला होता, आणि तिथे आता मोबाईलची कव्हरं होती.

यावर तोडगा निघालेला नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक ऐंशीच्या दशकातच तयार झालं होतं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. युनिकोड म्हणजे आमचं कोअर बँकिंग. ‘क’ला एकच खातेक्रमांक, तो सगळ्या जगातल्या सगळ्या शाखांत चालणार. विंडोज २००० मध्ये ते आपल्या यंत्रांवर आलं आणि त्याच्या जोडीला मंगल नावाचा देवनागरी फॉन्ट. तो काढला रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. आर. के. जोशी म्हणजे सुलेखनकार, मराठी कवी, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. सरकारी कचेरीतल्या नोटिशीपासून सोसायटीच्या पाण्याच्या वेळापत्रकापर्यंत लाखो कागद ज्यांच्या हातच्या अक्षरांत निघाले, त्यांचं नाव त्या कागदांवर कुठेच नसतं, हीदेखील पीकेसारखीच तऱ्हा.

पण तोडगा निघणं वेगळं आणि आमच्या टायपिंगवाल्याने तो घेणं वेगळं. त्याचा हात जुन्या फॉन्टवर बसला होता. युनिकोड येऊन दहा वर्षं झाली तरी त्याने अण्णांचा कुलवृत्तांत आपल्या नेहमीच्या लॉकरांतच ठेवला. त्याला दोष तरी कसा द्यायचा? आमच्या शाखेत संगणक आल्यावर कित्येक दिवस आमचे हेडक्लार्क वहीतही लिहीत होते. “वीज गेली तर?” म्हणायचे. आणि जायची.

आता जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी सोय इंटरनेटवर मिळते. एका चौकटीत गाळ ओतायचा, दुसऱ्या चौकटीतून मराठी निघतं. फक्त एक अट : मूळ फॉन्टचं नाव माहीत हवं. आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. चिटणीसांना नाही, मला नाही. टायपिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला, “साहेब, टफन ग्लास बसवून देऊ का?”

महिनाभर मी अंदाजाने फॉन्टांची नावं टाकत होतो. एकाने अण्णांचा मजकूर ठठठठ असा दिला. एकाने बरंच मराठी दिलं, पण ते मराठी कुठल्याही जिल्ह्यातलं नव्हतं. शेवटी एका रविवारी कन्या म्हणाली, “बाबा, आरटीएफ आहे ना? मग नोटपॅडमध्ये उघडा. तुम्हीच नाही का सांगत होतात, पातेल्यावर चिठ्ठी असते म्हणून?”

उघडली. महिरपी कंस, दांडा, आरटीएफ एक. आणि दोनच ओळींच्या खाली, फायलीत वापरलेल्या फॉन्टांची यादी. त्यात टायपिंगवाल्याच्या त्या फॉन्टचं पूर्ण नाव, स्वच्छ इंग्रजी अक्षरांत. चोवीस वर्षं ते तिथेच लिहिलेलं होतं. १९८७ साली सिमोनी मंडळींनी ही रीत साध्या अक्षरांत ठेवली नसती, तर मी अजून ठठठठ वाचत बसलो असतो. (१९९५ पासून विंडोजबरोबर फुकट मिळणारा वर्डपॅड, जो आरटीएफ फायली उघडायचा, तो २०२४ साली कंपनीने काढून टाकला. घराण्यातल्या म्हाताऱ्यांची अशीच व्यवस्था लागते.)

तासाभरात कुलवृत्तांत मराठीत आला. अगदी शुद्ध नव्हे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करत, युनिकोडला ती अक्षराच्या नंतर लागते. हे उलटंपालटं करताना काही ठिकाणी यंत्राची फसगत झाली होती आणि वेलांटी आपलं अक्षर सोडून एका टिंबाटिंबांच्या रिकाम्या वर्तुळावर जाऊन बसली होती. रफारही काही ठिकाणी शेजारच्या घरी गेले होते. पण वाचता येत होतं. मी आत्याचं पान शोधलं. वंशवृक्षात ती खरोखरच नव्हती. वंशवृक्ष अण्णांनी जुन्याच पद्धतीने काढला होता. मात्र त्यामागे ‘कन्या’ असं एक स्वतंत्र प्रकरण होतं, आणि त्यात पहिलं नाव आत्याचं, माहेरचं. एकोणीस ओळी. अण्णांनी स्वतःला दिलेल्या ओळी सहा.

मी ते पान मोठ्या अक्षरांत छापून नेलं. वाचून दाखवायला लागलो तर आत्या म्हणाली, “दे इकडे. डोळे आहेत मला.” भिंग लावून ती वाचत गेली. शेवटच्या परिच्छेदापाशी थांबली. तिथे अण्णांनी लिहिलं होतं, की अकरावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला घरात पैसे नव्हते, तेव्हा हिने आपल्या कानातली कुडी विकून मला पैसे दिले आणि कुडी हरवली असं सांगून आईचा मार खाल्ला. खाली आणखी एक वाक्य होतं : हा मजकूर तिला दाखवलेला नाही, कारण दाखविल्यास ती तो छापू देणार नाही.

आत्याने भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा तेवढंच वाचलं.

“एक कुडी नव्हे,” ती म्हणाली. “दोन्ही विकल्या होत्या. एक कोण घेणार? आणि आईने मारलं नव्हतं. अण्णाने उगाच रंगवलंय.”

मी काही बोललो नाही.

“आणि हे काय? ‘विकली’ची वेलांटी अशी साबुदाण्यावर का बसवलीय? अण्णा मेला तरी असं लिहायचा नाही.”

मी तिला जुने फॉन्ट, २५६ लॉकर, इस्की, युनिकोड आणि वेलांटीचा क्रम हे सगळं शक्य तितक्या सोप्या मराठीत समजावून सांगितलं. तिने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पेन दे,” ती म्हणाली.

मी खिशातलं पेन काढून दिलं. तिने पहिल्या ओळीपासून एकेक वेलांटी खोडून जागेवर बसवायला सुरुवात केली. ‘कुडी’च्या आधी बारीक अक्षरात ‘दोन्ही’ असं लिहिलं. माराचं वाक्य खोडलं, मग जरा थांबून खोडलेल्यावर ‘असू दे’ असं लिहिलं. बँकेत काउंटरवरच्या पेनाला आम्ही दोरी बांधतो. या पेनाला नव्हती, त्यामुळे ते मला अजून परत मिळालेलं नाही. परवा फोन आला होता, उरलेली दोनशे पानं कधी छापून आणतोस म्हणून.